काठी उभी राहिली, कपाट नाही

...आणि वर मलाच विचारतात, "मोजलं नव्हतंत का?" तुम्हाला सांगतो, उंची मोजली होती मी. छत शहाण्णव इंचांवर, कपाट केलं पंचाण्णव, वर जेमतेम बोट जाईल एवढी फट, कारण लोकांच्या कपाटांवरची धूळ आणि फुटक्या बॅगा बघून माझं डोकं फिरतं, आणि हे माझं शेवटचं कपाट, हात थरथरायला लागलेत, यानंतर रंधा धरणार नाही असं सगळ्यांना सांगून बसलेलो. काय गरज होती सांगायची? पण सांगितलं.

तयार कपाट दारातून आत गेलं नसतं, म्हणून खोलीतच जमिनीवर आडवं जोडलं. एक स्क्रू नाही. सगळे खाचांचे सांधे, सरस भरून पक्के. सून रोज डोकवायची. ती कारखान्यात क्रेनची ड्रॉइंगं काढते. म्हणाली, "बाबा, हे उभं कसं करणार?"

म्हटलं, "हातांनी."

तर तिनं पेन्सिल घेतली आणि माझ्या घासलेल्या फळीवर... फळीवर हो, कागद नाही सापडला बाईला... गणित मांडलं. "उंची पंचाण्णव, तिचा वर्ग. जाडी चोवीस, तिचा वर्ग. दोन्हींची बेरीज, तिचं वर्गमूळ. जवळजवळ अठ्ठ्याण्णव झाले, बाबा. कपाट उचलताना तिरकं होणार, आणि तिरकं अंतर छतापेक्षा जास्त आहे. क्रेनचा हात कुठवर पोचेल तेही आम्ही असंच काढतो."

म्हटलं, "क्रेन वेगळी, कपाट वेगळं," आणि पॉलिशपेपरनं तिचं गणित साफ घासून टाकलं. उंची मोजली होती मी, वर्ग कशाला पाहिजेत?

मग उचलायचा दिवस. मुलगा, शेजारचे दोघं, आणि मी हुकूम सोडायला. वर घ्या, अजून वर, अजून... आणि कर्रर्र. छताचा गिलावा माझ्या टकलावर. कपाट अर्ध्यात अडकलं, ना उभं ना आडवं, आणि शेजारी विचारतो, "काका, मोजलं नव्हतंत का?"

मी मापाची काठी आणली. पंचाण्णव इंच, बरोबर. उभी केली. राहिली. म्हटलं, "ही राहते उभी, मग याला काय धाड भरलीय?"

सून म्हणाली, "बाबा, काठीला जाडी कुठे आहे?"

अशी हळू आवाजात बोलते की धड भांडताही येत नाही.

मुलगा मात्र करवत घेऊनच आला. "खालून तीन इंच उडवू." तीन इंच! अरे, नखं कापायची आहेत का? उंची मोजली होती मी. कपाट परत आडवं करायला लावलं आणि त्याच्यावर चढून बसलो. म्हटलं, आधी मला काप.

बायको म्हणाली, "जेवायला तरी उतरा." म्हटलं, "इथेच आण." जेवलो, जरा आडवा झालो, डोळा लागला. उठतो तो डोक्याखाली उशी. दुसऱ्या दिवशी हिनं गादीच आणून टाकली. "हट्ट करा, पण पाठ सांभाळून करा."

चार दिवसांनी मेहुणा आला. गादीवर धप्पकन बसला, कोपरा उचलून बघितला, खाली दारं, आत सुनेच्या साड्या. "दाजी, दिवाण झकास केलात. वर झोपायचं, पोटात कपडे. काय डोकं लढवलंत."

मी सुनेकडे बघितलं. आता बोलणार ही. चारचौघांत माझं हसं करायचं तर हीच वेळ. ती चहाचा कप पुढे करत म्हणाली, "मामा, बाबांनी विचार करूनच केलाय."

याचा मला जास्त राग आला. टोमणा मारला असता तर उलटून बोलता तरी आलं असतं.

मेहुण्याला आता अस्साच दिवाण हवाय. नाही कुठल्या तोंडानं म्हणू? करतो म्हटलं. माप घ्यायला उद्या सुनेला पाठवतोय. दिवाण काय, जन्मभर आडवाच राहणार. तरी तिला सांगितलंय, तिरकं आधी मोज.