रेल्वेचा पूर

तुमी रेल्वेचं काय सांगता राव, आमच्या निमगावात रेल्वे आली न्हाई, पण तिचा सर्व्हे येऊन गेला. सर्व्हेचे साहेब आमच्या ओसरीवर बसले आणि म्हणाले, "पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही, एकदम कोसळतो. म्हणून जिथं ओढ्याला मोठा पूर येतो, तिथून आम्ही लाइनच लांब वळवणार. तुमच्याकडं पाणी कुठवर चढतं?"

आमाला तर स्टेशन पायजे व्हतं. माझे चुलते तात्या म्हणाले, "पूर कसला साहेब. परवाच्या पावसातबी गुडघाभर पाणी. म्हशी बसल्या व्हत्या त्यात."

नेमके तेवढ्यात तलाठी भाऊसाहेब कांद्याच्या नुकसानीच्या पंचनाम्यावर सह्या घ्यायला आले. हे ऐकून दारातच थबकले.

"तात्या, काल तर मला म्हणालात, पाणी मारुतीच्या गळ्याला लागलं, कांदा सगळा वाहून गेला."

साहेबांची पेन्सिल हवेतच राहिली. तात्यांनी सावकाश बशीतला चहा संपवला.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "कालचा पूर भरपाईचा व्हता. रेल्वेचा पूर येगळा."