एअरबॅगचा दिवा आणि सासूबाईंचं वजन

…आणि त्यावरचं चित्र तरी बघा! खुर्चीत बसलेला एक माणूस आणि त्याच्या पोटापुढे हा एवढा चेंडू! मला आधी वाटलं, बायकोनेच काहीतरी करून मला टोमणा मारलाय. तर नाही, हा म्हणे एअरबॅगचा दिवा. पिवळा! अहो, लाल असता तर समजलं असतं, लाल म्हणजे थांब बाबा, मेलास! पण पिवळा? रुसलेल्या मेहुण्यासारखा नुसता बघत बसतो तुमच्याकडे. गाडी बंद केली, चालू केली, डॅशबोर्डवर चार थापा हाणल्या. डिम्प्ना, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "जरा प्रेमाने बोल की रे तिच्याशी." प्रेमाने बोललो. आणि दिवा? दिवा पेटलेलाच!

एरवी काय, काळी चिकटपट्टी लावली असती वरून, आमच्या इथे आयर्लंडात, लाँगफर्डला, निम्मा गाव तेच करतो. पण शुक्रवारी गाडीची सरकारी तपासणी! तिथे किल्ली फिरवली की दिवा लागायला हवा आणि मग विझायलाही हवा. लागला नाही तर नापास, विझला नाही तरी नापास! आणि गाडी नापास म्हणजे सोमवारी सासूबाईंना गॉलवेच्या हॉस्पिटलात कशातून न्यायचं? डाव्या खुब्याचं ऑपरेशन हो त्यांचं, दीड वर्षाने मिळालेली तारीख! घरात दुसरी गाडी आहे ती त्यांच्या पुतण्याची, आणि पुतण्याशी त्या बोलत नाहीत. का? तर सासऱ्यांच्या अंत्यविधीला त्याने सँडविचला लोणी लावलं नव्हतं! आता बोला!

मॅलकीकडे गेलो. मॅलकी आमचा मेकॅनिक, शब्द मोजून वापरतो. गाडीला कॉम्प्युटर जोडला, नाक खाजवलं, म्हणाला, "वायर."

"कुठली?"

"डाव्या सीटखालची."

"मग घट्ट बसव ना!"

"बसवली. सुटते. नवा भाग मागवावा लागेल."

"कधी येईल?"

त्यावर तो आभाळाकडेच बघायला लागला, तुम्हाला सांगतो, जणू तिथूनच पडणार आहे! निघालो. आणि दिवा? पेटलेलाच!

रविवारी सासूबाईंना चर्चमधून घरी आणायचं होतं. अट्रॅक्टाबाई गाडीत बसतात म्हणजे सोहळा असतो. आधी पर्स, मग हॅट, मग "अगं आई गं", मग त्या. बसल्या डाव्या सीटवर धप्पकन… आणि दिवा गेला! मी ओरडलो, "विझला!" डिम्प्ना म्हणाली, "आई, जरा उठ बघू." उठल्या, पेटला. "आता बस." बसल्या, विझला. उठ, बस, उठ, बस… चर्चच्या दारात फादर हात जोडून उभे, त्यांना वाटलं म्हातारीने गाडीतच उठबशीची प्रार्थना सुरू केली!

मॅलकी म्हणाला, "वजनाने वायर टेकते." मग आम्ही बटाट्याची पोती ठेवून बघितली. नाही जमलं! बटाटे घरंगळतात हो, सासूबाई घरंगळत नाहीत. आणि त्या अशा खुलल्या! "आयुष्यभर सगळे मला म्हणाले, अट्रॅक्टा, कमी खा. आज कळली ना किंमत? शुक्रवारी मी येणार!"

आल्या! तपासणीवाली बाई, मिसेस टायर्नी, चेहऱ्यावर सुरकुती नाही आणि हसूही नाही. म्हणाली, "गाडी रिकामी करा. माणूस चालत नाही." सासूबाई आतून म्हणाल्या, "माझं कंबरडं मोडलंय, मला उतरता येत नाही."

"मग चाकांची खुर्ची आणते."

"थांब गं… तू नोरीनची धाकटी ना? तुझ्या बाप्तिस्म्याचा केक कुणी केला होता?"

मिसेस टायर्नी थबकली. हळूच म्हणाली, "मनुक्यांचा?"

"व्हिस्की घालून!"

संपलं! बाई निमूट गाडीत बसली आणि दोघींना घेऊन गाडी आत गेली. मी आणि डिम्प्ना काचेमागे, श्वास रोखून. किल्ली फिरली, दिवा लागला, दिवा विझला! डिम्प्नाने माझा दंड असा दाबला की अजून निळा आहे. हेडलाइट झाले, ब्रेक झाले, मग गाडी गेली त्या हलणाऱ्या पत्र्यांवर. तुम्ही बघितलंय ना ते? चाकाखालचा पत्रा थडथडथडथड हलतो, स्प्रिंग तपासायला. डावा पत्रा सुरू झाला आणि काय सांगू… हॅट उडाली, पर्समधल्या गोळ्या उधळल्या, गालफडं एकीकडे, हनुवटी दुसरीकडे, आणि मधूनच किंकाळी! डिम्प्ना ओरडली, "आई मेली! फिंटन, तुझ्या दिव्यापायी माझी आई मेली!" आणि दार ढकलून आत धावली, मी मागे.

गाडीचं दार उघडलं. सासूबाईंनी एक पाय बाहेर टाकला, दुसरा टाकला, उभ्या राहिल्या. काठी गाडीतच! म्हणाल्या, "खट झालं."

"काय खट झालं, आई?"

"आत. खुब्यात. बसलं जागेवर." आणि चालायला लागल्या हो, तरातरा, थेट चहाच्या मशीनकडे! डिम्प्ना रडतेय, मीपण रडतोय, मिसेस टायर्नीने छातीवर क्रॉसची खूण केली. मग तिने गाडीत डोकावलं. सीट रिकामी. आणि दिवा? पेटलेलाच!

"नापास," ती म्हणाली. वर आणखी, "आणि गाडी डावीकडे खचलेली दाखवतेय." केकचं नातं तेवढ्यापुरतंच!

मी डोकं धरून बाकावर बसलो. पुन्हा मॅलकी, पुन्हा ती वायर, तीन आठवड्यांनी पुन्हा इथेच. तेवढ्यात सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या, शेजारी बसल्या, फुंकर मारली आणि म्हणाल्या, "तोंड कशाला पाडतोस? सोमवारी गॉलवेला जायचंच नाही आता. पुढच्या वेळी तिला सांग, मला उजवीकडच्या सीटवर बसव. उजवा खुबा राहिलाय माझा."