सतरंजीवाले आणि खुर्चीवाले

"लखनौत आपली घरं मोजकी आणि मंडळं दोन. कुठल्या मंडळात जाता, असं कुणी विचारलं तर हसून टाळा," असं शेजारणीने बजावलं होतं. दीप्तीला ती थट्टाच वाटली होती. आज खोकणाऱ्या बाळाला घेऊन ती दवाखान्यात नंबर लावून बसली होती, आणि समोर दोन प्रौढ बायकांची गाठ पडली.

"जय भीम, कांताताई. विहारात अजून सतरंजीवरच बसता?"

"जय भीम, शशीवहिनी. वंदना काय खुर्चीत रेलून म्हणायची असते?"

"गुडघे ठणकत असले की मन लागतं का वंदनेत? म्हणून तर आम्ही वेगळं मंडळ काढलं."

"हाँ, आणि आमचे रामदासभाऊ पळवलेत. गुडघे त्यांचेच जास्त दुखतात ना."

"आम्ही? अहो, ते तर म्हणायचे, पाय मोडले तरी खालीच बसेन. तुमच्याकडेच येत असतील."

"महिना झाला, आले नाहीत. आम्ही म्हटलं, गेले खुर्चीवर."

"आम्हाला वाटलं, सतरंजीवर आहेत."

"वहिनी, तिकडे जानकीपुरमला एकटेच राहतात ते."

"फोन लावा."

"लावतेय. उचलत नाहीत."

"चला मग, रिक्षा करू."

"थांबा, आधी आमच्या अध्यक्षांना कळवते."

"अच्छा, आणि आमच्या अध्यक्षांना नको?"

रिक्षा अजून दवाखान्याच्या दारातच उभी आहे, आणि दीप्तीला बाळाला सोडून उठता येत नाही. तुम्ही जानकीपुरमला राहत असाल, तर तेवढ्यात रामदासभाऊंचं दार वाजवून बघाल का?