तीनशे जणांत बहिरे किती

डॉक्टर: ...म्हणून आजोबांना आयसीयूतून साध्या वॉर्डात हलवायचं ठरलंय. सही इथे करा.

आई: थांब रे. पेन खाली ठेव.

मुलगा: आई, त्यांनी सगळं समजावून सांगितलंय.

आई: तुला सांगितलं. मी काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे? डॉक्टरबाई, मी चौथीतून शाळा सोडली. मला कळेल असं सांगा.

डॉक्टर: आजी, न्यूमोनियाच्या प्रत्येक पेशंटला आम्ही गुण देतो. वय, श्वास, रक्तदाब, शुद्ध. बेरीज जितकी मोठी, तितका आजार गंभीर. माझ्या अभ्यासात तीनशे पेशंट आहेत. आजोबांइतके गुण ज्यांना पडले, त्यांतले फार थोडे घरी गेले. आयसीयूत खाटा मोजक्या, त्या ज्यांची आशा जास्त त्यांना द्याव्या लागतात.

आई: जन्मात कोणी ह्यांना गुण दिले नाहीत. आता मिळाले, तर ते जास्त झाले म्हणून बाहेर काढताय. आणि वॉर्डात श्वासाचं मशीन आहे?

डॉक्टर: नाही.

आई: म्हणजे दम लागला की संपलं.

मुलगा: आई, हळू बोल.

आई: तीन दिवस काचेबाहेर गप्पच बसले होते ना मी? सगळ्यात जास्त गुण कशाचे पडले, बाई?

डॉक्टर: शुद्धीचे. हाका मारतो, प्रतिसाद नाही. 'हात उचला' म्हटलं तर उचलत नाहीत. हलवलं की डोळे उघडतात, आमच्याकडे बघतात आणि मिटून घेतात.

आई: हाका मारताना तोंडावर हे फडकं होतं?

डॉक्टर: मास्क इथे काढता येत नाही.

आई: भरती करताना कागद कोणी भरला?

मुलगा: मी.

आई: कानाचं काय लिहिलंस?

मुलगा: काही नाही. तूच तर...

आई: हो, मीच. घरात तो शब्द काढायचा नाही, असं मीच बजावलं होतं. तुझी सोयरीक जमवताना व्याह्यांपासूनही लपवलं. माझ्या माणसाला चारचौघांत कोणी हसू नये म्हणून. आता ऐका, बाई, मी एकदाच सांगणार. माझा नवरा ठार बहिरा आहे. पस्तीस वर्षं कापडगिरणीच्या मागखात्यात काढली, दोनशे माग एकदम धडधडायचे तिथे. समोरच्याचे ओठ बघून त्यांना बोलणं कळतं. आणि इथे तुम्हा कोणालाच ओठ नाहीत.

डॉक्टर: हे आधी कळायला हवं होतं.

आई: चूक माझी. ती माझ्या नावावर मांडा, त्यांच्या नाही. आणि तुमच्या तीनशे जणांत बहिरे किती होते?

डॉक्टर: ते... विचारलं नव्हतं.

आई: मग शुद्ध कोणाची मोजलीत? सरका जरा, मला खाटेजवळ येऊ द्या. मागखात्यात तोंडाने कोणी बोलत नसे, सगळं हाताने. मीही सात वर्षं होते तिथे. खांद्यावर दोन थापा म्हणजे, इकडे बघ.

(खाटेवरचे डोळे उघडतात. उजवा हात चादरीवरून थोडासा उठतो आणि मूठ दोनदा मिटते.)

डॉक्टर: हे काय केलं त्यांनी?

आई: 'बघितलं, बोल' म्हणाले.

डॉक्टर: त्यांना डावा हात उचलायला सांगा, आजी... उचलला.

मुलगा: बाबा.

आई: रडायचं असेल तर बाहेर जा. त्यांना वाटेल, आपणच गेलो.

डॉक्टर: शुद्धीचे गुण आता उतरतील. पण वय, श्वास आहे तसंच आहे. आजार गंभीर आहेच. मी शब्द देऊ शकत नाही.

आई: शब्द कोणी मागितलाय? खाट मागतेय.

डॉक्टर: खाट राहील. हा कागद फाडते.

आई: फाडू नका. पाठीमागे लिहा: आधी विचारा, ऐकू येतं का. आणि घरचे खोटं सांगतात, तेही लिहा.

डॉक्टर: लिहिते. आजी, ते परत हात हलवतायत. काय म्हणतायत?

मुलगा: मला नाही कळत. मला बाबांनी कधी शिकवलंच नाही.

आई: विचारतायत, गिरणीची पाळी सुटायला किती वेळ आहे.

डॉक्टर: मग तुम्ही काय सांगितलंत?

आई: पुष्कळ आहे म्हटलं. मागावरून हलायचं नाही.