दामूचा पाग आणि म्हात्रे बाईंची सुकट

बसा, बसा. मागे उभे आहात त्यांनीही पुढे या. मंडळी, दुकानात मी दिवसभर बडबडतो, पण इथे बाईंच्या फोटोला हार बघितला आणि ठरवून आणलेलं पहिलं वाक्यच विसरलो. म्हात्रे बाईंनी या गावच्या शाळेत उभं आयुष्य भूमिती शिकवली. मी त्यांच्या वर्गात कधी नव्हतो. माझी शिकवणी झाली माझ्याच दुकानाच्या ओट्यावर.

हा पुढच्या खुर्चीत बसलाय ना, दामू कोळी, माझा लंगोटीयार. बघा, आत्ताच मान खाली घातली! याला हौस आली, दिघीच्या खाडीत कुणाचा नसेल एवढा मोठा पाग विणायची. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. जुन्या पागाच्या दुप्पट रुंद हवा. म्हणून जुन्याला लागलं होतं त्याच्या दुप्पट सूत माझ्याकडून नेलं. विणतोय, विणतोय, आणि सूत संपलं! पाग अर्धवट.

आला तणतणत. "कासम्या, सूत कमी दिलंस! दोस्ताला फसवतोस व्हय?" तेही भर बाजारात. अहो, माझ्या बापाच्या वेळेपासून त्या तराजूवर कुणी संशय घेतला नव्हता. मीही भडकलो. बोलणं बंद. ईदला हा आला नाही, नारळी पौर्णिमेला मी गेलो नाही. खुदा कसम, त्या ईदला शिरखुर्मा घशाखाली उतरला नाही. दुकानाची अब्रू गेली त्यापेक्षा दोस्त गेला, ते फार लागलं.

बाई खडू घ्यायला आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दामूदादांना बोलवा. आणि तुमचं सुकटीचं पोतं उघडा."

ओट्यावर दोऱ्याने दोन वर्तुळं काढली. एक लहान, दुसरं त्याच्या दुप्पट रुंद. आत सुकट पसरायची, एकच थर. लहान वर्तुळ एका वाटीत भरलं. मोठ्याला किती? दामू म्हणाला, "दोन!" दोन वाट्या ओतल्या. अर्धंच भरलं. तिसरी ओतली. तरी रिकामं. चौथी ओतली तेव्हा कुठे सुकट काठाला लागली. तोवर बाजार जमला, मांजरंही जमली. बाई मांजरांवर ओरडतायत, "हट्, क्षेत्रफळ खाऊ नका!" हसून हसून पुरेवाट झाली.

"दामूदादा, रुंदी दुप्पट केली की सूत चौपट लागतं. कासमभाईंनी बरोबर दिलं. तुम्ही मागितलंत कमी."

दामूने काय केलं? खाली बसून सुकट गोळा करायला लागला. मग म्हणाला, "कासम्या, चा पाज." मिटलं!

गेल्या महिन्यात बाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा आम्ही दोघे भेटायला गेलो. बाईंनी हळूच विचारलं, "दामूदादा, तिप्पट रुंद पाग विणायचा, तर सूत किती पट?" हा पठ्ठ्या म्हणतो, "तिप्पट!" बाई उठून बसल्या हो! चादरीवर बोटाने वर्तुळं काढून सगळं पहिल्यापासून शिकवलं. काय चेहरा खुलला होता त्यांचा! बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अरे गाढवा, अजून कळलं नाही?"

तर म्हणतो, "म्हाईत हाय रं, नऊपट. पन बाईंना शिकवायचं व्हतं ना."

चला, उठूया. बाईंसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. मोजायचं काम तेवढं दामूकडे देऊ नका. एरवी तो कमी मोजतो, पण आज ही दोन मिनिटं संपूच देणार नाही.

बाई, आम्हा दोघांचा सलाम.