बाटलीवरची धोंडुबाई

— फोटो झ्याक आलाय रे सुशील, नाय कोण म्हणतंय? पण ही बाई मी नाय. धोंडुबाईला डोक्यावर पदर घेऊन, मांडीशी खलबत्ता धरून बसलेली कधी कुणी बघितलीय? तूच बसवलीस. गेल्या महिन्यात इथं गडबला माझ्या टपरीसमोर गाडी लावलीस, भजी खाल्लीस, नि म्हणतोस कसा — आजी, ही कसली पानं? ओव्याची पानं कसली ते विचारतोस! आणि त्याला खलबत्ता कशाला लागतो? पान तव्यावर शेकवायचं, मऊ पडलं की मुठीत पिळायचं, झाला रस. पण मुठीचा फोटो बरा दिसत नाय म्हणे. तुला औषध विकायचंय का खलबत्ता?

बरं, वाच ते बाटलीवरचं. मला जवळचं दिसत नाय. — व्हय, पोटातला वायू, बरोबर. मुरडा मारला तर पानाला मीठ लावून चावायचं, बरोबर. नाक चोंदलं तर रस मधातून. ओवा भाजून फडक्यात बांधायचा नि छाती शेकायची — हे सगळं मीच सांगितलं, पण त्यात मोठं काय सांगितलं? गागोद्यापासून खाडीपर्यंत कुठल्याबी बाईला विचार, हेच सांगेल. तुझ्या आईलाबी ठाऊक असेल. पण ती पंख्याखाली बसलेली, तिचा फोटो कोण लावतो बाटलीवर!

वाच ना पुढं, थांबलास कशाला? — काय? परत वाच. — लहान बाळांचा खोकला तासाभरात बंद? धोंडुबाईंचा स्वतःचा अनुभव?

हे कुणी सांगितलं तुला? मी? — हाय फोनात? लाव मग. लाव म्हणते ना!

— व्हय. माझाच आवाज हाय. माझी जनी नऊ महिन्यांची होती, छाती नुसती घरघरत होती, रस पाजला, शेक दिला, तासाभरात खोकला बंद. एक अक्षर खोटं नाय त्यात. चाळीस वर्षं सांगतेय मी हे, भजी तळता तळता सांगते, लोक माना डोलवतात, पानं घेऊन जातात, कुणाला हवीत म्हणून मी विचारत नाय. आणि तू रे? एवढा शिकलेला, कंपनी काढलेला — एकदा तरी विचारलंस, आजी, मग ती जनी आता असते कुठं? तिला पोरंबाळं किती? ‘तासाभरात’ एवढं ऐकलंस नि फोन खिशात घातलास. तुला तेवढंच हवं होतं.

मलाबी तेवढंच हवं होतं. पोर गप झाली, मला वाटलं ओवा लागू पडला. आमचे हे पेणला न्यायला निघाले होते, पोरीला दुपट्यात गुंडाळून दारात उभे — मीच परत फिरवले. म्हटलं, बरी झाली, आता डॉक्टर कशाला? तिला सासूच्या मांडीवर दिली नि गेले मिठागरावर, नि तिथं बायांना सांगत बसले, माझ्या हाताला कसा गुण हाय ते. शेखी मिरवली रे मी, दुपारपर्यंत मिरवली! बोलावणं आलं तेव्हा हातात फावडं होतं. डॉक्टर मग म्हणाला, बाई, खोकायलाबी ताकद लागते, तीच संपली होती तिची. तर झाला खोकला बंद. तासाभरात. काही चुकीचं नाय लिहिलंस तू.

— तसं तोंड नको करूस, मला नाय आवडत. उचल ती बाटली. माझं नाव काढ, तोंड काढ त्यावरचं, नि ते बाळाचं तर आधी खरवडून काढ, नायतर तुझ्या पुण्याला येऊन दारात बसेन, डोक्यावर पदर न घेता. नि खलबत्ता ने तुझा, तो इथं अडगळ हाय नुसती. सरक आता, मागं गिऱ्हाईक उभं हाय.

— ये गो. पानं हवीत? किती, दहा?

थांब. कुणाला हवीत गो? भज्यालाच ना?