आधार मिस्त्रींचा निळा ठिपका

नाही, रतिलाल भाऊ, आबांना नाही बोलावणार. ते कोपऱ्यावर चहाला गेलेत, येतील तेव्हा येतील. हँडब्रेक मी बघतेय ना? पोरीला काय जमणार, असं तोंडानं म्हणत नाही तुम्ही, पण डोळे सगळे रस्त्याकडे – आधार मिस्त्री कधी येतो. अहो, त्या आधार मिस्त्रीचीच मुलगी आहे मी, समीक्षा, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, आणि तुमच्या या ॲम्बेसेडरची नस न् नस मलाही ठाऊक आहे. बसा त्या टायरवर. आणि नीट सांगा, पद्मालयच्या गणपतीला चढावर गाडी उभी केली, लिव्हर ओढला, तेव्हा कर्र-कर्र वाजला? वाजला. हलकाच वर आला, आणि गाडी निघाली मागे. आणि तुमच्या घरच्या बेबाकाकू आत बसलेल्या. – माहितीये, भाऊ, तीनदा सांगितलंत, दगडाला टेकली म्हणून थांबली, नाहीतर मागे नारळवाला बसलेला. म्हणूनच म्हणते, कोणाच्या नावानं ओरडण्याआधी तपासू द्या.

हे बघा, मागचं चाक जॅकवर घेतलं, हँडब्रेक पूर्ण ओढला. फिरवा चाक. फिरतंय ना गरागरा? मग लायनर गेले म्हणायचं? नाही – ड्रम मघाशीच उघडला, गेल्या महिन्यात टाकलेले लायनर तसेच्या तसे आहेत. मग वायर तुटली? तीही नाही. मी खाली जाऊन वायर हातानं खेचते, तुम्ही चाक फिरवा. हं? धरलं! म्हणजे मागचं सगळं ठीक, लिव्हरचे दातेही ठीक. बिघाड मधेच आहे, लिव्हर आणि वायर जोडतात तिथं. तिथं एक पिन असते, आणि ती निसटू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक स्प्लिट पिन घालतात. तो टॉर्च द्या इकडे.

...

काही नाही. काही नाही म्हटलं ना, वाकू नका, गुडघे दुखतात तुमचे – अहो, नका बघू! – बघितलंत. हो, रंग आबांचाच. काम पक्कं झालं की त्यावर निळा ठिपका देतात, तीस वर्षांपासून देतात, दुसरे मिस्त्री तो ठिपका बघून पुढे हात लावत नाहीत. ठिपका आहे जागेवर. स्प्लिट पिन घातलीच नव्हती. मोठी पिन सरकत सरकत गेली आणि नेमकी पद्मालयला निसटली. विसरले हो! माणूस विसरतो. तुम्ही नाही विसरत? – नाही, पहिल्यांदा नाही. दोन महिन्यांतली चौथी गाडी आहे. घ्या, हेच ऐकायचं होतं ना? एका जीपच्या चाकाचे पाचही नट नुसते हातानं फिरवलेले, आणि वर पाच ठिपके, काय सुबक! मी म्हटलं, आबा, डॉक्टरकडे चला. तर पाना फेकला माझ्या अंगावर – तू जन्मली नव्हती तैपासून गाड्या खोलतो, बठ्ठं बराबर शे! सगळं बरोबरच आहे म्हणे. तुमच्या पिढीला चूक दाखवली की तुम्हाला ती शिवीच वाटते. आई असती तर तिचं ऐकलं असतं. म्हणून मी काय करते – ते दुपारी जेवायला गेले की त्यांनी केलेलं प्रत्येक काम परत खोलते, परत कसते, आणि त्यांच्याच डब्यातल्या रंगानं ठिपका देते. रोज. तुमची गाडी तेवढी राहिली, कारण त्या दिवशी मी धुळ्याला गेले होते. एकच दिवस! नोकरीची मुलाखत होती, मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये, सुपरवायझरची. मिळाली पण. सोमवारी हजर व्हायचंय. आणि त्या एका दिवसापायी बेबाकाकू... आबांना काय बोलता, मला बोला.

जाऊ द्या. ही पिन बसली, ही स्प्लिट पिन, टोकं वाकवली. बोट लावून बघा. आता ओढा – फिरतं चाक? नाही फिरत. जॅक काढते, गाडी घेऊन जा. आणि भाऊ, बाहेर बोलू नका कुठे. गिऱ्हाईक तुटलं तर आबा घरी बसतील भिंतीकडे बघत, मग जे थोडं उरलंय तेही जाईल.

आले बघा. – काही नाही आबा, वायर जरा सैल होती, केली घट्ट. ... नाही, तुम्ही कशाला आता गाडीखाली – आबा, झालंय, खरंच झालंय, भाऊंनी स्वतः बघितलं... विचारा त्यांना... बरं. बरं! ओरडू नका. खोला. तुम्हीच बसवा पहिल्यापासून. ही घ्या पक्कड.

रतिलाल भाऊ, चावी राहू द्या इथंच. आज नाही मिळणार गाडी. बसनं जा एरंडोलला, उद्या दुपारनंतर या. – हो, मी असेन. सोमवारीही असेन. जा ना तुम्ही आता!